पांढऱ्यात पिवळं किती

मे महिन्यात आमच्या शेडसमोर होडी येते तेव्हा नेकनूरच्या रस्त्यानं जाणारा प्रत्येक माणूस काही ना काही बोलून जातो. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर पालथी घातलेली सोळा फुटांची फायबरची होडी, आणि चारी बाजूंना नांगरून टाकलेली कोरडी ढेकळं. मोटारसायकल न थांबवता विचारतात, काय मिस्त्री, पूर येनार हाय का. एकदा आष्टीकडचा एक टँकरवाला चहाला थांबला होता. तो म्हणाला, आमच्याकडं प्यायला पाणी न्हाई आन् तुमच्याकडं होड्या. वडील म्हणाले, पाणी आमच्याकडंबी न्हाई, होडीच हाय तेवढी.

वडिलांना मी दादा म्हणते. दादांचं काम फायबरचं. कूलरच्या टाक्या, बाथरूमचे दरवाजे, लहान मंदिरांचे कळस. चौथीनंतर शाळा सुटली. तरुणपणी पुण्याकडच्या एका कारखान्यात काही वर्षं राबले, तिथं हे काम हाताला लागलं आणि तेवढं घेऊन गावी परत आले. केजच्या पुढं धरण आहे. तिथल्या मच्छीमार सोसायटीच्या होड्या दुरुस्तीला आमच्याकडंच येतात. कारण दादांचा जोड दिसत नाही. भेग कुठं होती ते मागून कुणाला दाखवता येत नाही. दादांनी आयुष्यात कमावलं ते एवढंच, आणि ते कमी आहे असं मला कधी वाटलं नाही.

मी बी.एस्सी. झाले, केमिस्ट्री घेऊन. रोज सकाळच्या एसटीनं बीडला जायचे, संध्याकाळी परत. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, हे मी लाजत सांगत नाही. नोकरी मिळाली नाही म्हणून पोरगी शेडमध्ये बसली असं लोक म्हणतात. नोकरी मिळाली होती. औषधाच्या कारखान्यात बाटल्यांवरची लेबलं सरळ लागलीत का ते बघायची. चार महिने बघितली आणि सोडून आले. शेडमध्ये निदान माझ्या हातानं काही घट्ट होतं.

आल्या आल्या मी वजनकाटा आणला. रेझीन घट्ट करणारं हार्डनर दादा बाटलीच्या टोपणानं, अंदाजानं ओतायचे. उन्हाळ्यात तो अंदाज चुकला की रेझीन डब्यातच दगड होतं आणि डबा हातात धरवत नाही इतका तापतो. मी सिरिंजनं मोजून द्यायला लागले. पहिले आठ दिवस ते हसले, "डाक्टरीन आली" म्हणाले. नंतर एका सकाळी स्वतःच म्हणाले, बघ गं तुझ्या सुईनं किती घ्यायचं. तसं हार्डनर माझ्याकडं आलं, काचेच्या धाग्यांची मॅट कापणं माझ्याकडं आलं, गिऱ्हाइकाशी फोनवर बोलणं आलं. रंग मात्र आला नाही. रंग दादांचा. जेलकोटमध्ये कुठला रंग किती टाकायचा हे ते एकटे ठरवायचे आणि त्या वेळी शेडमध्ये कुणी बोललेलं त्यांना चालायचं नाही.

जेलकोट म्हणजे फायबरवर जो गुळगुळीत चकचकीत थर असतो तो. लोक त्याला रंगच समजतात. रंग वरून मारलेला असतो, नखानं खरवडता येतो. जेलकोट अंगाचाच असतो. तो फुटला की पाणी आतल्या मॅटमध्ये शिरतं, होडी जड होते आणि एक दिवस खालून मऊ पडते. म्हणून भेग उकरायची, कडांना उतार द्यायचा, गरज पडली तर मॅट बसवायची, आणि वरून नवा जेलकोट असा भरायचा की जुन्यात मिसळून जाईल. इथं खरी गंमत आहे. जुना पांढरा पांढरा राहिलेला नसतो. उन्हानं तो सायीसारखा होतो, कुठं मातकट, कुठं करडा. डब्यातला नवा पांढरा त्यावर लावला तर जखमेवर पट्टी चिकटवल्यासारखा दिसतो. त्यात थोडा पिवळा, थोडा तपकिरी घालून जुनं पांढरं तयार करावं लागतं. दादा डबा ढवळायचे, अंगठा बुडवायचे आणि होडीच्या पॉलिश केलेल्या भागावर एक ठसा मारायचे. तो ठसा शोधावा लागला की म्हणायचे, हरवला. मग माझं हार्डनर.

सोसायटीच्या होड्यांची पोटं दगडांनी खरवडलेली असतात ते समजतं. पण प्रत्येक होडीच्या नाकावर, पुढच्या टोकाला, चांदणीसारख्या भेगा असायच्या. पहिल्या वर्षी मला वाटलं खडकावर आपटत असतील. दादा म्हणाले, नारळ. हंगामाला जाळं पहिल्यांदा टाकताना होडीच्या नाकावर नारळ फोडतात. खंडेनवमीला फोडतात. नवं जाळं आलं की फोडतात. लाकडाच्या होडीला ते सोसायचं. फायबरला सोसत नाही, जेलकोट कडक असतो, तो तडकतो. मग त्या तड्यात हळद आणि कुंकू भरतात, तेही दरवेळी.

सोसायटीत एक मावशी आहेत, सगळ्यांत वयानं मोठ्या, काठावर मासळी तोलून देतात आणि पूजा त्यांच्याच हातची लागते. मी त्यांना समजावलं की नारळ काठावरच्या दगडावर फोडा, होडी दहा वर्षं जास्त टिकेल. त्या म्हणाल्या, "दगडावर फोडलेला नारळ दगडाचा. होडीला काय मिळालं मंग?"

ज्या वर्षीचं हे सांगतेय त्या वर्षी होडी आली ती ताज्या हळदीनं माखूनच आली. ट्रॅक्टरवाला हसत सांगत होता, दुरुस्तीला निघाली, पाण्यापासून लांब चालली, म्हणून मावशींनी तिला वाटेला लावायची पूजा केली. आणि जाता जाता नाकावर आणखी एक नारळ फोडला. भेगा मोजल्या तर आधीच्या सहा, वर ही ताजी. दादा म्हणाले, दवाखान्यात धाडताना पेशंटला आजून एक काठी हाणून धाडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहालाच कामाला लागलो. मेमध्ये नऊ वाजेपर्यंत जे होईल ते काम, पुढं नुसता ताप. पोट मी घासायला घेतलं, नाक दादांनी. थिनरचं फडकं घेऊन ते हळद पुसत होते. बऱ्याच वेळानं उठले, फडकं घडी करून खिळ्याला अडकवलं आणि म्हणाले, "निघाली हळद समदी. बघ."

मी गेले आणि बघितलं. कुंकू गेलं होतं. हळद होती तशी होती. भेगांमध्ये, भेगांच्या बाजूला हातभर पसरलेली, पिवळीजर्द. मला वाटलं चेष्टा करतायत. वर बघितलं तर ते दुसऱ्या कामाला लागले होते. मी म्हणाले, हो.

तो "हो" माझ्या तोंडातून कसा निघाला ते मला आजही सांगता येणार नाही. त्यानंतर मला एका जागी बसवेना. घासता घासता उठायचे, होडीला फेरा घालायचे, पुन्हा नाकापाशी यायचे. दादा चहाला गेले तसं मी उरलेली हळद काढून टाकली. हात थिनरनं चुरचुरत होते आणि डोक्यात एकेक मागचं काम येत होतं. थंडीत चौसाळ्याला दिलेला कळस, त्याचा जोड बघून तिथला माणूस म्हणाला होता, ह्याला चुना लागलाय का. तेव्हा मी रंगाच्या डब्याला दोष दिला होता. एका दरवाज्याचा कोपरा परत आला होता. तेव्हाही डब्यालाच. दोन वर्षांत आम्ही रंगाचं दुकान दोनदा बदललं होतं, आणि ते मीच दादांना सुचवलं होतं.

पिवळं त्यांना दिसत नव्हतं. पांढरं आणि पिवळट पांढरं त्यांच्या डोळ्यांना एकच होतं. आंधळे झाले नव्हते, चालत होते, सायकल चालवत होते, सुईत दोरा ओवायचं तेवढं आईकडं द्यायचे. पण ज्याच्यावर त्यांचं नाव होतं नेमकं तेच गेलं होतं. आणि त्यांना ते ठाऊक नव्हतं.

सांगायला हवं होतं. मी घरातली शिकलेली, मी नाही सांगणार तर कोण. रोज सकाळी ठरवायचे, आज सांगते. मग ते मॅटवर ब्रश मारताना बघायचे, एक बुडबुडा राहू द्यायचे नाहीत, आणि माझं तोंड मिटायचं. त्यांना सांगणं म्हणजे त्यांच्या हातातला डबा काढून घेणं होतं. उरलेली बरीच कामं मी आधीच काढून घेतली होती.

नाकाच्या आत मी मॅटचे तीन थर जास्तीचे बसवले, कारण मावशी काही ऐकणार नव्हत्या. मग रंगाची सकाळ आली. दादांनी डबा घेतला, पांढरा ओतला, काडीनं किंचित करडा टाकला, ढवळलं, अंगठा बुडवून ठसा मारला. सायीच्या रंगाच्या होडीवर तो ठसा धुतलेल्या टोपीसारखा दिसत होता. दादा मागं झाले. मान तिरकी करून बघितलं.

"हरवला," म्हणाले.

तेवढ्यात रस्त्यावर त्यांना कुणी हाक मारली आणि ते बाहेर गेले. मी पिवळ्याची सिरिंज भरली. सात थेंब टाकले, मग एक तपकिरी. ढवळलं. माझ्या करंगळीनं कडेला एक ठिपका लावून बघितला, तो होडीत बुडाला. ठिपका आणि दादांचा ठसा दोन्ही पुसून टाकले. दादा आत आले, डब्यात बघितलं, त्यांना काहीही वेगळं दिसलं नाही. मी हार्डनर मोजून दिलं. त्यांनी रुंद ब्रशनं एका दमात नाक भरलं, मी वर प्लास्टिकचा कागद अंथरला, हवा लागली तर वरचा थर चिकट राहतो म्हणून. मग दोन दिवस पाणी घालून घासणं. आधी जाड कागद, मग बारीक, मग त्याहून बारीक, शेवटी पॉलिश. हाताची बोटं पांढरी पडून सुरकुततात.

होडी न्यायला सोसायटीचे चेअरमन स्वतः आले. नाकावरून हात फिरवला, भेग शोधली, सापडली नाही. म्हणाले, "मिस्त्री, मागल्या दोन खेपेला जोड दिसत व्हता, आमी बोललो न्हाई. औंदा मातर तुमी परत तुमच्यावर गेलात." सोबतच्या माणसांना त्यांनी बोलावून दाखवलं. दादा नुसते फडक्याला हात पुसत राहिले. पण संध्याकाळी आईला ते सगळं दोनदा सांगितलं, चेअरमनच्या आवाजात.

मला वाटलं होतं आता बरं वाटेल. उलटं झालं. आई महिनाभर त्यांच्या मागं लागली होती, डोळे दाखवून या. त्यावर आता त्यांच्याकडं उत्तर होतं. डोळ्याला काय झालंय, चेअरमनला इचार. मी जितकं चांगलं झाकलं होतं तितका त्यांचा दवाखाना लांब पडला होता. पुढचं काम आलं, दोन दरवाजे. त्यातही मी चोरून थेंब टाकले. मग तिसरा एक दरवाजा आला, तेव्हा ते शेडमधून हललेच नाहीत आणि दरवाजा भगभगीत पांढरा गेला. मी दिवसभर आत-बाहेर करत होते. कुणी हाक मारली तर दचकायचे. जेवताना त्यांनी भाजीतलं मीठ बरोबर सांगितलं तरी मला वाटायचं, चला, एवढं तरी शाबूत आहे.

शेवटी मला जे येतं ते मी केलं. जेलकोटच्या सहा चकत्या ओतल्या, रुपयाएवढ्या. पहिलीत पिवळा नाही, दुसरीत दोन थेंब, तिसरीत चार, असं चढत नेलं. पाठीमागं पेन्सिलीनं आकडे लिहिले. गिऱ्हाइकाला दाखवायला नमुने केलेत, मी दादांना म्हणाले, जरा पांढऱ्यापासून पिवळ्यापर्यंत ओळीनं लावून द्या.

त्यांनी चकत्या फळीवर घेतल्या. पहिल्यांदा भराभर लावल्या. मग थांबले. एक उचलून उन्हात नेली, परत आणली, जागा बदलली. पुन्हा बदलली. मी ग्राइंडरची वायर गुंडाळत बसले, गुंडाळलेली सोडवायची, परत गुंडाळायची. त्यांनी चकत्या उलट्या करून आकडे बघितले. पाच, एक, सहा, दोन, तीन, चार. आकडे त्यांना येतात. बराच वेळ त्या आकड्यांकडं बघत राहिले.

"तुजं कालिज संपलं न्हाई व्हय गं आजून," एवढंच म्हणाले आणि बाहेर जाऊन रस्त्याकडं तोंड करून उभे राहिले.

होडीचं मी तेव्हाही सांगितलं नाही.

पुढच्या सोमवारी ते स्वतःच आईला म्हणाले, चल, दवाखान्यात जायचंय. मोतीबिंदू होता, दोन्ही डोळ्यांत, उजव्यात पिकलेला. डॉक्टर म्हणाले, दोन-तीन वर्षांपासूनचा असणार, हळूहळू वाढतो म्हणून कळत नाही. आधी उजव्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाली तेव्हा मी सोबत होते. दादांनी भिंतीकडं बघितलं, खाटेवरच्या चादरीकडं, नर्सच्या कपड्यांकडं. मला म्हणाले, हे समदं एवढं पांढरं कावून हाय. आईच्या साडीला त्यांनी नवी का म्हणून विचारलं. ती चार वर्षांची होती.

महिनाभर धुळीत जायचं नाही असं बजावलं होतं. शेडमध्ये आले नाहीत. पण घरातही राहिले नाहीत. सकाळी आवरून एसटीनं कुठंतरी जायचे, दुपारी यायचे, जेवायचे. आई म्हणायची, असतील कुणाकडं गेले. मग चौसाळ्याहून एकाचा फोन आला. म्हणाला, तुमचे दादा मंदिरासमोर दोन घंटे कळसाकडं बघत बसले व्हते, काय झालंय का. तेव्हा मला समजलं. ते दोन वर्षांतली त्यांची कामं बघत फिरत होते. ज्यांच्या घरी दरवाजा दिला त्यांच्या घरी पाणी प्यायला म्हणून जायचे, बाथरूमकडं एक नजर टाकून यायचे. प्रत्येक जोड आता त्यांना दिसत होता.

फक्त होडी राहिली होती. ऑगस्टमध्ये धरणात पाणी आलं होतं. एके दिवशी म्हणाले, उद्या धरणावर जाऊ, तूबी चल. आणि सामानाची पिशवी घ्यायला लावली. सगळी, कागद, पॉलिश, जेलकोट, रंग. मी रात्रभर कूस बदलत राहिले.

होडी काठाला बांधलेली होती. नाकावर ताजी हळद, आणि करवंटीचा तुकडा अजून तिथंच पडलेला. मावशींनी परवाच नारळ फोडला होता. दादांनी अंगठा ओला करून हळद पुसली. भेग नव्हती. तीन थरांनी धरलं होतं. मला तेवढ्यातही बरं वाटलं, मी ते दाखवायला पुढं झाले. पण ते भेग बघत नव्हते.

त्यांनी डावा डोळा झाकला आणि उजव्यानं बघितलं. मग उजवा झाकून डाव्यानं बघितलं. पुन्हा तसंच. तीन-चारदा. चेअरमन शेजारी उभे होते, त्यांना वाटलं डोळ्यात काही गेलंय.

"ह्यात पिवळा हाय," दादा म्हणाले.

मी पिशवी खाली ठेवली.

"म्या टाकला न्हवता."

"न्हाई."

"किती टाकलास?"

"पाचशे ग्रॅमला सात थेंब. आन् एक तपकिरी."

चेअरमनना काही समजलं नव्हतं, पण ते हळूच मावशींकडं निघून गेले. दादा होडीच्या काठावर बसले.

"कव्हापासून ठावं व्हतं तुला?"

"होडी आली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून."

"आन् ह्यो मानूस चार लोकांत मला मान देत व्हता तव्हा तू बाजूलाच हुबी व्हतीस."

मी म्हणाले, तुमचं वाईट दिसू नये म्हणून केलं. हे वाक्य मी तीन महिने तयार ठेवलं होतं. मनात म्हणताना ते चांगलं वाटायचं.

"माजं वाईट दिसलंच की माय," ते म्हणाले. "चौसाळ्यात दिसलं, घरोघर दिसलं. लोकायनी तोंडावर बोललं न्हाई तेवढंच. हितं तेवढं तू झाकलंस, मंग मला वाटलं मी बरा हाय. मे म्हैन्यातच बोलली असतीस तर त्यो तिसरा दरवाजा तरी माज्या हातून गेला नसता."

आवाज चढला नाही. चढला असता तर मलाही चढवता आला असता. मी शिकलेली, मला वाद घालता येतो.

मग ते म्हणाले, "आन् सात लई झाले."

इथं मात्र मला राग आला. रंग मी उन्हात बघितला होता, सावलीत बघितला होता, ठिपका मारून बघितला होता. चेअरमनला जोड सापडला नव्हता. मी म्हणाले, सात बरोबर होते.

"वला बघितलास का वाळलेला?"

ओला. मी ओला बघितला होता. जेलकोट घट्ट होताना किंचित गडद होतो. हे मला पुस्तकातून माहीत होतं, का होतो तेही माहीत होतं. त्या सकाळी दादा कधी आत येतील ह्या धसक्यात मी ते विसरले होते. त्यांनी मला होडीच्या बाजूला, पाण्याची चमक अंगावर येईल असं बसवलं आणि नाकाकडं तिरकं बघायला सांगितलं. समोरून दिसत नव्हता. तिरक्या नजरेनं माझा जोड दिसला. तळहाताएवढा, मातकट, कडा गोल. एकदा दिसल्यावर तो दिसायचा थांबेना.

चेअरमन म्हणाले, असू द्या हो मिस्त्री, मासळीला थोडंच दिसतंय. काठावरची माणसंही हसली. दादा म्हणाले, मला दिसतंय. होडी एक दिवस द्या.

चौघांनी ती काठावर ओढून बाभळीच्या सावलीत घेतली. दादांना धुळीत हात घालायची मनाई होती, म्हणून घासायला मी बसले. ते बाटलीनं पाण्याची धार धरत होते. जो जोड बघून मी महिनोन् महिने मनातल्या मनात फुशारत होते तो कागदाखाली दुधासारखा होऊन वाळूत चालला होता. मावशी येऊन बघून गेल्या, म्हणाल्या, चांगलं व्हतं ते कावून खरडायलात. दादा मध्येच म्हणाले, दाब कमी कर, खालची मॅट उघडी पडंल. मी कमी केला.

रंग त्यांनी कालवला. पाच थेंब, माझ्यासमोर, मोठ्यानं मोजून. एक तपकिरी. काठावरच्या एका फुटक्या टाकीच्या तुकड्यावर त्यांनी आधी नमुना लावला, मला हार्डनर टाकायला लावलं आणि तो वाळेपर्यंत आम्ही थांबलो. तासभर बाभळीखाली बसलो. मी दोनदा उठून नमुन्याला नख लावून आले. ते एकदाही उठले नाहीत. पाण्यात कुठं बगळे उतरले होते तिकडं बघत होते, मधूनच एक डोळा झाकून.

नमुना वाळला. तो होडीशेजारी धरून बघितला, मग नाक भरलं, कागद अंथरला, पुन्हा थांबणं, पुन्हा घासणं. ऊन कलायला लागलं तेव्हा पॉलिश झालं. दादा होडीच्या बाजूला, पाण्याची चमक येत होती तिथं, गुडघ्यावर हात ठेवून वाकले आणि उजव्या डोळ्यानं बघत राहिले. मी मागं उभी होते. मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता.

मग ते सरळ झाले, कमरेला हात लावून दोन पावलं बाजूला सरकले.

"हितून बघ," म्हणाले.

त्यांच्या पायांचे ठसे ओल्या वाळूत उमटले होते. मी तिथं जाऊन वाकले आणि जोड शोधायला लागले.